निकबख्तचा तेहरानी कान

व्हिक्टोरिया चौकापासून आखार्नोन रस्त्याच्या टोकापर्यंत कुठल्याही अफगाण दुकानात जाऊन निकबख्तबद्दल विचारा. "रेडिओ ना?" असंच म्हणतील. नाव काही उगाच पडलेलं नाही. अकरा वर्षं ही बाई अथेन्समध्ये आश्रय मागायला आलेल्यांच्या मुलाखतींत दुभाषी म्हणून बसत होती. समोरच्यानं फारसीत तोंड उघडलं की हिचं ग्रीक सुरू. खोकला नाही, अडखळणं नाही. माणूस रडायला लागला की ही थांबायची, डोळे पुसून तो बोलू लागला की ही पुढे चालू. पाण्याचा घोटसुद्धा मुलाखत संपल्यावर.

आणि ताठा म्हणाल तर विचारू नका. "गोष्ट तुमची, तोंड माझं," ती म्हणायची. "मी त्यात मीठ घालत नाही आणि काढतही नाही." नव्यानं आलेल्यांना तिचा पहिला धडा ठरलेला. फारसीत 'न' म्हणजे नाही आणि ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. "तेव्हा बाबांनो, नाही म्हणायला जाल आणि हो म्हणून बसाल. बंदूक चालवली का असं विचारलं तर एका अक्षरात उत्तर देऊ नका, अख्खं वाक्य बोला." लोक हसायचे आणि घरी जाऊन घोकायचे. तिच्या या एका धड्यानं किती जण वाचले असतील कोण जाणे.

ग्रीक ती शाळेत शिकलेली नव्हती. चोविसाव्या वर्षी या देशात आली आणि अथेन्सच्या किप्सेली भागातल्या एका खानावळीच्या मागच्या खोलीत तीन वर्षं बटाटे सोलत राहिली. शिकवणारी म्हणजे खानावळीची मालकीण एवान्थिया, जिच्या दर तिसऱ्या शब्दाला शिवी. त्यामुळे निकबख्तला शिव्या आधी आल्या आणि व्याकरण नंतर आलं. पण आलं ते असं पक्कं, की सरकारी परीक्षेत तिनं ग्रीक मुलींनाही मागे टाकलं.

फारसी मात्र तिची अस्सल तेहरानी. खरं तर ती हजारा, बारीक डोळ्यांच्या अफगाण जमातीतली. आईबाप अफगाणिस्तानातल्या जागोरीचे. पण तिचा जन्म तेहरानजवळ वरामीनच्या वीटभट्टीवरचा. इराणी शाळेत पहिल्याच आठवड्यात तिनं तोंड उघडलं आणि अख्खा वर्ग हसला. कुणी तिच्या डोळ्यांवरून चिडवलं, कुणी बोलण्यावरून. डोळे काही बदलता येत नव्हते. बापानं संध्याकाळी सगळ्या पोरांना ओळीनं बसवलं आणि फर्मान काढलं, "आजपासून बाहेर तेहरानी बोलायचं, घरात तेहरानी बोलायचं, झोपेत बरळलात तरी तेहरानीच बरळायचं." पोरांनी बापाचं ऐकलं. निकबख्तनं तर इतकं ऐकलं, की वर्षभरात फोनवर तिला कुणी हजारा म्हणून ओळखेना. आई तेवढी बदलली नाही. आई सनोबर आजही जागोरीचीच बोली बोलते, आणि आज मुलीच्या घरी अथेन्सला राहते. मुलगी तिला आबय म्हणते. गावाकडचा एवढाच एक शब्द निकबख्तच्या जिभेवर टिकला होता.

त्या वर्षी वसंतात ब्रसेल्समध्ये एक नवा कायदा शिजत होता. आधीचा नियम असा, की आश्रय मागणाऱ्याला वाटेतल्या एखाद्या 'सुरक्षित' देशात परत पाठवायचं तर त्याचं त्या देशाशी काही नातं हवं: तिथे राहिला, कामधंदा केला, बस्तान बसवलं. नुसता तिथून गेला एवढ्यावर पाठवता येत नाही. नव्या मसुद्यात म्हणे नातंबितं काही नको. तिथून गेलात ना, झालं. वाटेत पाणी प्यायला थांबलात तरी तुम्ही त्या गावचे. वातानुकूलित खोलीत बसून कायदा करणाऱ्यांना चालत येणाऱ्यांचं काय कळणार, ते सोडा. मुद्दा एवढाच, की मसुदा पास व्हायच्या आत जुन्या नियमानं ज्याचा निकाल लागेल तो सुटला. म्हणून सगळे वकील जुन्या फायली घेऊन धावत होते. 'राहिलो' आणि 'गेलो' या दोन शब्दांत तेव्हा माणसाचं आयुष्य बसत होतं.

अशा दिवसांत एका सकाळी वकील स्तामातियानं निकबख्तला बोलावून घेतलं. स्तामातिया पन्नाशीची, आवाजानं पुरुषी, आठवड्यातून तीनदा सिगारेट सोडणारी. दोघींची ओळख जुनी.

"बस. भांडायला बोलावलेलं नाही," स्तामातिया म्हणाली आणि एक कागद पुढे सरकवला. "अनारगुल नावाची बाई. विधवा, दोन मुली. मुलाखतीत दुभाषी तू होतीस. तिचा अर्ज फेटाळलाय. म्हणतात तुर्कस्तान तिला सुरक्षित, तिथे परत जा. हे वाक्य वाच."

निकबख्तनं वाचलं. "'तुर्कस्तानात आम्ही राहिलो. फार राहिलो. पाय निघत नव्हता.' बरं मग?"

"मग अधिकाऱ्यानं खाली लिहिलंय, बाई तिथे रमली होती, तिला तिथून निघवत नव्हतं. आता मला सांग, तुर्कस्तानातल्या वानच्या डोंगरात, गुरांच्या गोठ्यात, सहा वर्षांची पोर पाठीवर असताना कुणाचा पाय अडकतो गं?"

"ते मला काय विचारतेस? ती बोलली ते मी सांगितलं. मी पदरचं घालत नाही, तुला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणून तर तुला बोलावलं. दुसरा असता तर थेट तक्रार केली असती. मला तुमच्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही, पण या वाक्याला भोक आहे एवढं कळतं. तिथे किती दिवस होतात असं विचारल्यावर तिनं मोजले नाहीत म्हणून सांगितलंय. मी समोर बसवून मोजायला लावले. अकरा भरले."

"जबाब मी तिला वाचून दाखवला होता. तिनं मान डोलावली, सही केली."

"टेप ऐकशील?"

"ऐकव की. मला कुणाचं भय आहे?"

खरंच भय नव्हतं. मांडीवर मांडी टाकून, खिडकीबाहेर बघत ती ऐकायला बसली. टेपमध्ये आधी अधिकाऱ्याचा प्रश्न, मग तिचा स्वतःचा खणखणीत आवाज, आणि मग अनारगुलचा, दमून बसलेला: "तुर्कियात मांदा शुदेम. खूब मांदा शुदेम. पाय उठत नव्हता."

निकबख्तनं मांडी सोडली.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

स्तामातियानं पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा रेडिओ बंद पडला.

गोष्ट एवढीशी होती. तेहरानात 'मांदे' म्हणजे मागे राहिलेला, थांबलेला. जागोरीत 'मांदा' म्हणजे थकलेला. अनारगुल सांगत होती, आम्ही थकलो, फार थकलो, पाऊल उचलत नव्हतं. आणि निकबख्तच्या तेहरानी कानानं ऐकलं, राहिलो, फार राहिलो. जबाब वाचून दाखवतानाही तिनं तोच शब्द वाचला. तिनं 'राहिलो' म्हणून वाचला, अनारगुलनं 'थकलो' म्हणून ऐकला आणि हो हो, बरोबर, म्हणून सही ठोकली. दोघींनाही वाटलं सगळं जुळलं. इराणी दुभाष्यानं ही चूक केली असती तर त्याला माफ करता आलं असतं. निकबख्त तर त्याच मातीतली.

"काय झालं?" स्तामातियानं विचारलं.

"भोक माझ्या कानाला आहे," निकबख्त म्हणाली.

घरी आली तर आई स्वयंपाकघरात गंदन्याची हिरवी पात भरलेल्या पोळ्या, बोलानी, तव्यावर टाकत होती. दार वाजल्याबरोबर, मान न वळवता, आई रोजच्यासारखी म्हणाली, "मांदा नबाशी." कामावरून आलेल्या माणसाला जागोरीत असंच म्हणतात, थकवा तुला न लागो.

निकबख्त दारातच चपला हातात घेऊन उभी राहिली. "आबय, मांदा म्हणजे काय?"

"ऊन लागलं का तुला?"

"सांग ना."

"मांदा म्हणजे मांदा. दमलेली. तुझ्यासारखी." मग आईनं मागे वळून मुलीच्या तोंडाकडे बघितलं आणि तव्याखालचा गॅस बारीक केला. निकबख्तनं सगळं सांगितलं, एका दमात, कामावर सांगते तसं. ऐकता ऐकता म्हातारी आधी हसायलाच लागली.

"अगं, मी इतकी वर्षं तुला दारात मांदा नबाशी म्हणते. तुला काय वाटलं? आई म्हणते, या घरात राहू नकोस?"

"मला अर्थ माहीत होता गं. घरात माहीत होता. तिथे खुर्चीवर बसले की मी वरामीनच्या शाळेतली होते."

आईचं हसू ओसरलं. "तुझ्या बापानं तुम्हाला हसं होण्यापासून वाचवलं. चांगल्यासाठीच केलं त्यानं. पण मी तेव्हाच म्हणाले होते, माणसाचे पाय कापून त्याला बूट देतोयस."

निकबख्तला रडू आलं. अकरा वर्षांत कामावर कधी रडली नव्हती ती तव्यासमोर उभी राहून ढसाढसा रडली. लाज वाटत होती आणि स्वतःचा रागही येत होता. आईनं थोपटलंबिपटलं नाही. बोलानी ताटलीत वाढली, दह्याची वाटी ठेवली आणि म्हणाली, "खा. रडून बाई सुटत असेल तर मीही रडते. नसेल तर उद्या काय करायचं ते बोल."

"जाऊन सांगणार. माझी चूक, माझ्या तोंडानं."

"मग रडतेस कशाला? तुझ्या तोंडाला अजून कुणी कुलूप लावलेलं नाही."

आईनं असं म्हटल्यावर निकबख्तनं तीन बोलानी खाल्ल्या. दुःख खरं होतं, पण भूकही खरी होती.

अपिलाची तारीख नऊ दिवसांवर आली होती. स्तामातियानं अर्ज करून निकबख्तला साक्षीला बोलावण्याची परवानगी मिळवली. दुभाष्यानं साक्षीला यावं असं आजवर झालं नव्हतं. कार्यालयातली माणसं तिच्याकडे बघून गप्प होत. एकानं कॉफीच्या रांगेत कानाशी येऊन सांगितलं, "ताई, कशाला अंगावर ओढवून घेता? पुन्हा काम मिळायचं नाही." निकबख्तनं एवान्थियाकडून शिकलेला एक शब्द त्याला ऐकवला आणि कॉफी घेतली.

सुनावणीच्या दिवशी जिन्यापाशी स्तामातियानं तिला बाजूला घेतलं. "हे बघ, एक समजून घे. ही एका शब्दाची, एका दिवसाची चूक, एवढंच सांग. समितीला ते पटेल. आधीही झालंय असं तू म्हणालीस तर तुझं काम तर जाईलच, पण उद्या म्हणतील हिचा कानच खोटा, मग आजची दुरुस्ती तरी कशावरून खरी? खोटं बोल असं मी म्हणत नाही. विचारल्याशिवाय बोलू नकोस."

"आणि विचारलं तर?"

"विचारणार नाहीत. त्यांना जेवायला जायची घाई असते."

बाकावर अनारगुल बसली होती. अडतिशीची असेल, गावात मुलींना शिकवायची. दोन्ही मुली शेजारी, वेण्या घातलेल्या. नियमानं दुभाष्यानं अर्जदाराशी बोलायचं नसतं, पण आता निकबख्त दुभाषी नव्हती. ती समोर जाऊन उभी राहिली.

"खाला, तुम्हीच ना त्या?" अनारगुल बसूनच म्हणाली.

"मीच."

"त्या दिवशी दार उघडून आत आले आणि तुमचा चेहरा बघितला. म्हटलं, देव पावला, आपलीच बाई आहे. इराणी असती तर मी जपून बोलले असते, शब्द निवडून. तुम्ही दिसलात म्हणून मी घरच्यासारखी बोलले."

"चूक माझी आहे," निकबख्त म्हणाली. पण या वेळी ती जागोरीच्या बोलीत म्हणाली. चाळीस वर्षांनी ती बोली जिभेवर आली तेव्हा वेडीवाकडीच आली. थोरल्या मुलीनं तोंडावर हात धरला. अनारगुलनं मुलीला कोपर मारलं, पण तिच्याही ओठांचा कोपरा हलला.

"आत नीट बोला," अनारगुल म्हणाली. "ग्रीक तरी."

समितीत तिघं जण. मधोमध अध्यक्षबाई, पांढरे केस कापलेल्या, चष्मा नाकावर. अनारगुलसाठी अफगाणिस्तानातल्या हेरातचा एक नवा दुभाष्या बसला होता. टेप लावली गेली. निकबख्त उभी राहिली आणि तिनं शब्द समजावून सांगितला. तेहरानात काय, जागोरीत काय, जबाब वाचून दाखवताना काय झालं. आवाज तोच, खणखणीत. हेरातच्या दुभाष्याला विचारलं तेव्हा तोही म्हणाला, "बाई बरोबर सांगतात. आमच्याकडेही मांदा म्हणजे थकलेलाच."

"तुम्हाला हे आज कळतं, तेव्हा का कळलं नाही?" समितीतल्या एकानं विचारलं.

"लहानपणी माझ्या बोलीला लोक हसायचे," निकबख्त म्हणाली. "मग मी ती ऐकणंच सोडलं. मला वाटायचं मला दोन भाषा उत्तम येतात. तिसरी मी टाकून दिली होती, आणि या बाई नेमक्या तिसरीत बोलत होत्या."

समिती आतल्या खोलीत गेली. पाव तास लागला. त्या पाव तासात अनारगुलनं धाकटीची वेणी सोडली आणि पुन्हा घातली, घट्ट, पोर कण्हेपर्यंत. तिघं परत आल्यावर अध्यक्षबाईंनी उभ्या उभ्याच वाचलं: अर्जदार तुर्कस्तानातून अकरा दिवसांत गेली, तिथे राहिली नाही, आजच्या नियमानं तिला तिथे परत पाठवता येत नाही, आदेश रद्द, तिच्या मूळ अर्जाची सुनावणी याच देशात व्हावी.

हेरातच्या दुभाष्यानं ते सांगितलं. अनारगुलनं त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग तिनं दोन्ही मुलींची डोकी छातीशी धरली आणि भिंतीकडे तोंड केलं. स्तामातिया कागद गोळा करता करता पर्समध्ये सिगारेट शोधायला लागली. झालं होतं. अध्यक्षबाईंनी पेनाला टोपण लावलं, चष्मा काढला आणि जाता जाता, सहज विचारावं तसं विचारलं, "अकरा वर्षांत हा शब्द एकदाच आला?"

स्तामातियाचा हात पर्समध्येच थांबला. तिनं निकबख्तकडे बघितलं आणि भुवया वर केल्या. ग्रीसमध्ये तो नकार असतो.

निकबख्तला ते दिसलं. गेले नऊ दिवस ती भाजी चिरताना, बसमध्ये, अंघोळ करताना एकेक मुलाखत आठवत होती. अकरा वर्षांची माणसं. थकलेलीच सगळी; थकल्याशिवाय कोण येतं इथवर? प्रत्येकानं कधी ना कधी तो शब्द उच्चारला असणार. निकाल वाचून झाला होता. अनारगुल सुटली होती. आता जे जायचं ते निकबख्तचं एकटीचं जाणार होतं.

"नाही," ती म्हणाली. ग्रीकमध्ये, अख्ख्या वाक्यात. "हा शब्द पुष्कळदा आला, आणि मी तो चुकवला असणार. सगळ्या मुलाखतींच्या टेपा तुमच्याकडे आहेत. हजारा माणसांच्या फायली काढा. मी बसून ऐकते. पैसे नकोत, बिल्ला काढून घ्या, पण ऐकायला मला बसवा. माझ्याइतकं लवकर ते कुणाला सापडणार नाही."

"फायली हजारोंनी आहेत, बाई."

"मला काही नावं आठवतात. पहिलं लिहून घ्या. कंबर, मालिस्तानचा, गवंडी. पायाला जखम होती. त्यानं हा शब्द तीनदा उच्चारला. तीनही वेळा मी तुमच्या अधिकाऱ्याला सांगितलं, राहिला होता म्हणून."

अध्यक्षबाई पुन्हा खाली बसल्या, पेनाचं टोपण काढलं आणि कोरा कागद पुढे घेतला.

"दुसरं?" त्या म्हणाल्या.

जेवायला कुणीच गेलं नाही. दोन वाजले तेव्हा कागदावर अकरा नावं झाली होती. कारकुनानं ती आतल्या खोलीत नेऊन पडताळून पाहिली. दोघांचे पत्ते अथेन्समधले निघाले. अर्ज फेटाळले गेलेले बाकीचे नऊ जण आज कुठे आहेत, ते त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं.